‘गणितं ऑप्शनला टाका’ म्हणणाऱ्या सगळ्यांना

परवा ६ जानेवारी, पत्रकार दिन झाला. दरवर्षीप्रमाणे शाल, श्रीफळ, गुलाबाचं फूल आणि ग्रुप फोटो. भाषणांत दरवर्षीप्रमाणे बाळशास्त्री जांभेकर. १८३२ साली ‘दर्पण’ काढलं, मराठी पत्रकारितेचे जनक वगैरे. हेच बाळशास्त्री एल्फिन्स्टनमध्ये पोरांना गणित शिकवायचे, हे मात्र कुणी बोललं नाही. मीही माईकवर होतो, मीही नाही बोललो. आठवलं ते घरी आल्यावर.

लेक दहावीला आहे. प्रिलियमचा विज्ञान भाग १ चा पेपर तपासून हातात आला होता. चाळीसपैकी २४. मार्कांचं मला काही नाही, मी स्वतः काही मेरिटचा माणूस नाही. पण पेपर उलटून बघितला तर व्याख्या बरोबर, फरक स्पष्ट करा बरोबर, शास्त्रीय कारणं बरोबर. आणि तीन ठिकाणी कोरी जागा. तिन्ही ठिकाणी गणित होतं. विजेचं एक, उष्णतेचं एक, भिंगाचं एक.

मी म्हटलं, “अगं, चुकलं असतं तरी चाललं असतं. लिहिलंच नाहीस?”

ती अगदी सहज म्हणाली, “पप्पा, गणितं ऑप्शनला टाकायला सांगितलीत. थिअरीवर निघतं सगळं.”

मंडळी, हे वाक्य तुमच्याही घरात कुणीतरी बोललंय. खात्री नसेल तर आज रात्री जेवताना विचारा.

मी दुसऱ्या दिवसापासून जरा फिरलो. बातमी करायची म्हणून नव्हे, बाप म्हणून. शाळेचं, क्लासचं, कुणाचंच नाव मी इथं घेणार नाही. कारण एका शाळेचं नाव घेतलं की बाकीचे सगळे टाळ्या वाजवायला मोकळे होतात. हा रोग एका शाळेचा नाही.

एका क्लासच्या सरांनी मला चहा पाजून समजावलं. “साहेब, गणिताला वेळ जातो. सात-आठ मिनिटं घालवून पोरगं उत्तर चुकवतं. तेवढ्या वेळात दोन फरक लिहून होतात.” एका शाळेतले सर मोकळेपणानं बोलले. “निकाल खाली आला की बोलणी आम्हाला बसतात. कच्च्या पोरांना मी गणितात घालत नाही. त्यांना पास करून बाहेर काढतो.” स्टेशनरीच्या दुकानात सोडवलेल्या उदाहरणांचा अपेक्षित प्रश्नसंच मिळाला. दुकानदार म्हणाला, “यातली पाठ केली की झालं.”

पाठ केली की झालं! गणित पाठ करायचं! विहिरीत न उतरता पोहायला शिकवणारे हे लोक.

आता मी एक साधा प्रयोग केला. आपल्या वाचनालयाच्या कट्ट्यावर संध्याकाळी दहावीची पोरं बसतात. पाच जण होते. त्यांना विचारलं, “ओहमचा नियम सांगा.” पाचही जणांनी एका दमात म्हणून दाखवला, ‘भौतिक अवस्था कायम असताना’ इथपासून. शाब्बास. मग विचारलं, “पाचशे वॅटचा टीव्ही अर्धा तास चालला आणि सहाशे वॅटची शेगडी वीस मिनिटं चालली. जास्त वीज कुणी खाल्ली?” हा प्रश्न मी शोधलेला नाही, दहावीच्या पुस्तकात अशाच धाटणीचा आहे. पाचातले चौघे म्हणाले, “शेगडी.” पाचवा म्हणाला, “सर, हे आयएमपीमध्ये नाहीये.”

हिशोब काय आहे? पाचशे वॅट गुणिले अर्धा तास म्हणजे २५० वॅट-तास. सहाशे गुणिले एक तृतीयांश तास म्हणजे २००. टीव्हीनं जास्त खाल्ली. एवढंच. यात अवघड गुणाकार नाही, इंग्रजी नाही. फक्त एकच गोष्ट करायची आहे. वाचायचं, थांबायचं आणि ‘शेगडी म्हणजे जास्तच वीज’ या आपल्या समजुतीवर विश्वास न ठेवता मोजायचं.

माझं म्हणणं एवढंच आहे. विज्ञानाच्या त्या अख्ख्या पेपरात व्याख्या पाठ होते, फरक पाठ होतो, आकृतीसुद्धा पाठ होते. आकडे बदललेलं गणित तेवढं पाठ होत नाही. तिथं पोराला डोकं चालवावंच लागतं. आणि नेमकी तीच जागा आपण पोरांना कोरी सोडायला सांगतोय. वरून त्याला ‘स्ट्रॅटेजी’ म्हणतोय.

माझा स्वतःचा कबुलीजबाब

दुसऱ्यांना बोलायच्या आधी स्वतःचं सांगतो. नव्वदच्या दशकात मी दहावीला होतो तेव्हा मीही हेच केलं. गणितं सोडली, थिअरी लिहिली, पास झालो, आर्ट्सला गेलो, पुढे पत्रकारितेचा डिप्लोमा केला. वाटलं, सुटलो. भौतिकशास्त्राशी आपला संबंध संपला.

गेली वीस वर्षं मी या तालुक्यात बातम्या लिहितोय. आग लागली की माझं वाक्य तयार असतं. ‘शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज.’ किती वेळा लिहिलं असेल, मोजलेलं नाही. मागे एक छोटं हॉटेल जळालं, तेव्हाही तेच लिहिलं. नंतर मालक भेटला. म्हणाला, एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर पाणी तापवायचा रॉड आणि इंडक्शन शेगडी दोन्ही चालू होतं, सकाळच्या गर्दीला रोजच असायचं.

आता लेकीसोबत बसलो तेव्हा मी ते गणित मांडून बघितलं. रॉड १५०० वॅटचा, शेगडी २००० वॅटची धरू. एकूण ३५०० वॅट. दाब २३० व्होल्ट. भागाकार केला तर विद्युतधारा येते सुमारे १५ अँपिअर. आणि बोर्ड कितीचा? आपण बाजारातून आणतो तो साधा बोर्ड ६ अँपिअरचा असतो. म्हणजे अडीचपट धारा. पण उष्णता अडीचपट होत नाही. ती धारेच्या वर्गाच्या पटीत वाढते. अडीचचा वर्ग करा, सव्वासहा. वायर सहापट तापणार. रोज सकाळी. एक दिवस पेटणारच.

याला शॉर्टसर्किट म्हणत नाहीत. याला अतिभार म्हणतात. दहावीच्या ‘विद्युतधारेचे परिणाम’ या धड्यातलं हे चार ओळींचं गणित आहे. मालकाला आलं असतं तर हॉटेल वाचलं असतं. मला आलं असतं तर निदान बातमी खरी लिहिली असती, आणि ती वाचून आणखी दोघांनी आपापले बोर्ड तपासले असते. दोघांनीही दहावी पास केली होती. दोघांनीही गणितं ऑप्शनला टाकली होती.

तीच गोष्ट बायपासची. ‘भरधाव वाहनाने धडक दिली’ हे माझं दुसरं तयार वाक्य. भरधाव म्हणजे किती? ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण १६.७ मीटर. मूल आडवं आलंय हे कळून ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद धरा. गाडी १६.७ मीटर पुढं गेली, अजून ब्रेक लागलेलाच नाही. पुढं ब्रेकचं त्वरण सेकंद वर्गाला ५ मीटर धरलं तर थांबायला आणखी जवळजवळ २८ मीटर. एकूण ४४ मीटर. तेच ताशी ३० असता तर ८.३ अधिक ६.९, म्हणजे १५ मीटर. वेग निम्मा, पण ब्रेक लागल्यानंतरचं अंतर चौथाई. शाळेसमोर ‘सावकाश जा’ असा बोर्ड लावून हे कुणाला कळत नाही. नववीत गतीच्या समीकरणांचं हे गणित एकदा स्वतःच्या हातानं सोडवलेल्या पोराला मात्र आयुष्यभर कळतं. हीच पोरं दोन वर्षांत बुलेटवर बसणार आहेत, विसरू नका.

‘पण सगळ्यांना कुठं सायन्स घ्यायचंय?’

हा युक्तिवाद मला सगळ्यात जास्त ऐकायला मिळाला. आणि मला राग येतो तो याचाच.

ज्यांना सायन्स घ्यायचंय, त्यांची काळजी करायला आईबाप आहेत. ती पोरं दहावीच्या सुट्टीतच लातूरला नाहीतर पुण्याला जातात, तिथं सकाळ-संध्याकाळ गणितंच सोडवतात. त्यांना तिथं कुणी ‘ऑप्शनला टाका’ म्हणत नाही. नीटच्या पेपरात फिजिक्सचे ४५ प्रश्न असतात, आणि तिथं पाठांतर फार लांब नेत नाही हे क्लासवाल्यांना पक्कं माहीत असतं. पैसे भरले की गणित शिकवलं जातं. पैसे नसले की गणित सोडायला शिकवलं जातं. हा साधा हिशोब आहे, यालाही सूत्र लागत नाही.

उरतात ती आपल्या गावातली पोरं. कुणी आयटीआयला जाईल, कुणी वायरमन होईल, कुणी मोटार रिवाइंडिंगचं दुकान टाकेल, कुणी शेती करेल. आता मला सांगा, विजेचं गणित कुणाला जास्त लागणार आहे? डॉक्टर होणाऱ्याला की वायरमन होणाऱ्याला? पाच एचपीची मोटार म्हणजे किती वॅट, इतक्या खोलीवरून ती मिनिटाला किती पाणी उचलू शकते, हे ज्याला मांडता येत नाही त्याला दुकानदार साडेसातची मोटार गळ्यात मारतो. वर वीजबिल वेगळं. गणित न आल्याची फी शाळेत भरावी लागत नाही, ती पुढं आयुष्यभर हप्त्यानं भरावी लागते.

आणि सरकार काय करतंय? २०२४ च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यात एक प्रस्ताव आला होता. गणित आणि विज्ञानात ३५ ऐवजी २० मार्क मिळाले तरी अकरावीला जाता यावं, फक्त पुढं गणित-विज्ञान घेता येणार नाही असा शेरा गुणपत्रिकेवर यावा. या दोन विषयांपायी शाळा सोडणाऱ्या पोरांना थांबवायचं, हा हेतू. हेतू वाईट आहे असं मी म्हणणार नाही. नापास झाल्यावर शाळा सुटलेल्या मुली मी आपल्याच गल्लीत बघितल्यात, महिन्याभरात त्यांची स्थळं बघायला सुरुवात होते. पण शिकवायची सोय न वाढवता फक्त दाराची चौकट खाली करणं म्हणजे काय? पंधरा वर्षांच्या पोराच्या कागदावर ‘याला विज्ञान नाही’ असा शिक्का मारायचा, आणि त्याला ते शिकवलंच नव्हतं हे कुठंच लिहायचं नाही.

शिक्षकांची बाजू

कमेंटमध्ये शिक्षक मंडळी येणार, म्हणून आधीच सांगतो. तुमचं खरं आहे. निवडणुकीचं काम तुमच्याकडे, सर्वेक्षण तुमच्याकडे, ऑनलाइन माहिती भरणं तुमच्याकडे. काही ठिकाणी विज्ञानाला माणूसच नाही, मराठीचे सर विज्ञान घेतात. वर्गात साठ पोरं. प्रयोगशाळेच्या कपाटाला कुलूप आणि चावी मुख्याध्यापकांच्या ड्रॉवरमध्ये, कारण काही फुटलं तर भरपाई कोण देणार. या सगळ्यावर मी लिहिलंय आणि लिहीन.

पण गणिताला कपाटाची चावी लागत नाही, सर. खडू आणि फळा लागतो. आठवड्यातून दोन तासिका लागतात. आणि पोरगं चुकलं तर चुकू द्यायची तयारी लागते. ती तयारी का गेली, हे तुम्ही सांगा. निकालाच्या टक्केवारीचा धाक आहे, मान्य. पण तो धाक पोरांच्या पाठीवर उतरवायचा अधिकार कुणी दिला?

आणि आम्ही पत्रकार तरी काय करतो? निकालाच्या दिवशी नव्वद टक्केवाल्यांचे पेढे भरवतानाचे फोटो छापतो. क्लासची पान-पान जाहिरात घेतो. ‘शंभर टक्के निकालाची परंपरा कायम’ हा मथळा मी स्वतः दिलाय. त्या शंभर टक्क्यांत किती जणांनी गणिताची जागा कोरी सोडली होती, हे मी एकदाही विचारलं नाही.

मग सराव करायचा कसा?

मी शिक्षक नाही. पण गेले चार दिवस लेकीबरोबर बसून स्वतः नव्यानं शिकलो, त्यातून जे कळलं ते सांगतो.

एक. आधी सूत्र शोधू नका. काय दिलंय आणि काय काढायचंय हे दोन ओळींत आपल्या शब्दांत लिहा. लेकीचं अर्धं घोडं इथंच अडत होतं. तिला सूत्र येत होतं, प्रश्न वाचता येत नव्हता.

दोन. एकक. मिनिटं असली तर सेकंद करा, सेंटिमीटर असले तर मीटर करा, आणि हे आकडे टाकायच्या आधी करा. तिची दोन गणितं नुसत्या एककानं चुकली होती.

तीन. उत्तर आलं की स्वतःला विचारा, असं होऊ शकतं का? एसटीचा वेग सेकंदाला ५०० मीटर आला तर समजा, ती एसटी नाही, बंदुकीची गोळी आहे. कुठंतरी गडबड आहे. एवढं हसून बघितलं तरी निम्म्या चुका सापडतात.

चार. सोडवलेल्या गणितातले आकडे बदला आणि पुस्तक मिटून परत सोडवा. नाही आलं तर पहिल्यांदाही आलेलं नव्हतं.

पाच. शक्य तिथं हातानं करून बघा. तिच्या पेपरात कोरं राहिलेलं भिंगाचं गणित होतं. मला आता चाळिशी लागलीय, अधिक दीड नंबरची. मी चष्मा काढून तिच्या हातात दिला. म्हटलं, याची शक्ती दीड डायॉप्टर, नाभीय अंतर सांग. एक भागिले दीड, म्हणजे ०.६७ मीटर, म्हणजे ६७ सेंटिमीटर. कागदावर आलं. मग खोलीतला लाईट बंद केला, खिडकीसमोरच्या भिंतीजवळ चष्मा धरला आणि हळूहळू मागं आणला. एका जागी भिंतीवर खिडकी उमटली. उलटी, गजांसकट, बाहेरच्या कडुनिंबासकट. टेपनं मोजलं. ६५ सेंटिमीटर.

पोरगी दोन मिनिटं काही बोललीच नाही. मग म्हणाली, “पप्पा, दोन सेंटिमीटर कुठं गेले?”

मंडळी, हा प्रश्न कुठल्याही अपेक्षित संचात नाही. माझ्याकडेही त्याचं चोख उत्तर नव्हतं. टेप नीट धरली नसेल, चष्मा तिरका झाला असेल, असं काहीबाही बोललो. तिनं परत मोजलं. पण त्या रात्री तिनं कुणी न सांगता उरलेली दोन्ही गणितं सोडवली. उष्णतेचं चुकलं. चुकू दे. कोरं तर नाही राहिलं.

आता कामाचं बोलू

बोर्डाची परीक्षा तोंडावर आहे. रडगाणं पुरे झालं. माझ्या चार मागण्या आहेत.

मुख्याध्यापकांना: परीक्षेपर्यंत रोज एक तासिका फक्त गणितांची ठेवा. आणि ‘ऑप्शनला टाका’ हे वाक्य शाळेत बंद करा. चुकीचं लिहा, पण लिहा. पायऱ्यांना मार्क असतात हे पोरांना सांगा.

पालकांना: ‘किती मार्क पडले’ याच्यासोबत ‘कोरं किती सोडलंस’ हेही विचारा. पेपर उलटून बघा. तुम्हाला गणित येत नसलं तरी कोरी जागा दिसतेच.

नेतेमंडळींना: स्वतःच्या फोटोच्या वह्या दरवर्षी वाटता. यंदा त्या पैशातून एक काम करा. प्रत्येक शाळेला दहा भिंगं, दहा मीटरपट्ट्या आणि दोन मल्टिमीटर द्या. त्यावर फोटो लावायला जागा नाही, हे मला माहीत आहे.

आणि तुम्हा सगळ्यांना: आपल्या गावात निवृत्त विज्ञान शिक्षक आहेत. कारखान्यात इंजिनिअर आहेत. पंचवीस वर्षं मोटारी दुरुस्त करणारे वायरमन आहेत, ज्यांना वॅट आणि अँपिअर कुठल्याही गाईडपेक्षा जास्त कळतं. येत्या रविवारपासून परीक्षेपर्यंत दर रविवारी सकाळी दोन तास द्या. वाचनालयाच्या हॉलसाठी मी बोललोय, जागा मिळतेय. फी नाही, बॅनर नाही, सत्कार नाही. खडूचा खर्च माझा. पोरं कट्ट्यावर बसलेलीच असतात, त्यांना फक्त आत बोलवायचंय.

ज्यांना यायचंय त्यांनी कमेंटमध्ये ‘मी येतो’ एवढंच लिहा. ज्यांना माझं पटलं नाही त्यांनीही लिहा, पण एका अटीवर. खालचं गणित आधी सोडवायचं.

घरातला १५०० वॅटचा गिझर रोज अर्धा तास चालतो. तीस दिवसांत युनिट किती?

नुसतं उत्तर नको. पायऱ्या लिहा. आणि कोरं सोडायचं नाही.